आणि इतर शिपाई

नमस्कार श्रोतेहो.

आज ११ नोव्हेंबर. लंडनमध्ये आज सकाळी अकराच्या ठोक्याला लोक दोन मिनिटं गप्प उभे राहतील. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेचार वाजलेले असतील, म्हणजे शाळा सुटायची आणि चहाचं आधण ठेवायची वेळ. १९१८ साली याच दिवशी, याच घटकेला पहिल्या महायुद्धातल्या पश्चिम आघाडीवरच्या तोफा थांबल्या. पुढच्या वर्षी राजा पाचव्या जॉर्जने आवाहन केलं, आणि तेव्हापासून ही दोन मिनिटं पाळली जातात. कोटावर कागदाचं लाल पॉपीचं फूल लावतात. व्हाइटहॉलच्या रस्त्यावर वास्तुशिल्पी ल्युटेन्सने बांधलेली एक रिकामी समाधी आहे, सेनोटाफ, तिथे पुष्पचक्रं वाहतात. ही समाधी आधी लाकडाची आणि प्लास्टरची होती, १९१९च्या एका संचलनापुरती. पण ज्यांच्या पोरांची थडगीसुद्धा सापडली नव्हती ते लोक तिच्यापाशी येऊन फुलं ठेवू लागले, ढीग लागले. शेवटी १९२० साली ती दगडात बांधावी लागली. सरकारने केलेल्या गोष्टीला लोकांनी आपलंसं केलं, तर ती अशी टिकते.

कोणी म्हणेल, हे सगळं साहेबाचं, आपला काय संबंध? संबंध आहे. त्या युद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या वर माणसं गेली आणि सुमारे ७४,००० परत आली नाहीत. त्यात सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीची किती तरी. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एका गावातले ४६ जण पडल्याचं सांगतात; त्या गावाला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. इतर अनेक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत तेव्हाची संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके मेले. दोन आकडे, बस्स. कोण गेला, कोणाचा गेला, त्याचं नाव त्या पाटीवर नसतं.

इथेच मला अडखळायला होतं. आपल्याकडे मेलेल्या माणसाची आठवण काढायची रीत आकड्याची नाही. म्हाळ घालताना नाव घ्यावं लागतं, गोत्र सांगावं लागतं, आणि तिथी माहीत असावी लागते. पंचांग उघडून बघा, पितृपंधरवड्यात चतुर्दशीला शस्त्राने मेलेल्यांचं श्राद्ध लिहिलेलं असतं. घातचतुर्दशी. मरण कुठल्याही तिथीला आलेलं असो, हत्याराने गेला असेल तर त्याचा दिवस हा. युद्धात पडलेल्यांसाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवायचं आपल्या पंचांगाला लंडनच्या कितीतरी आधी सुचलं होतं. पण या दिवशीही घास ठेवायचा तो नावाने. आणि जो गेला की आहे हेच घरी कळलं नाही, त्याचं काय करायचं?

असे पुष्कळ होते, आणि त्यातले कितीतरी इराकात होते. त्या वेळी या मुलखाला मेसोपोटेमिया म्हणत. तिग्रीस नदीच्या वळणावर कूत नावाचं गाव आहे. तिथे ७ डिसेंबर १९१५ पासून इंग्रजांची सहावी डिव्हिजन तुर्की फौजेने कोंडून धरली. या डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. पंजाबी होते, राजपूत होते, गोरेही होते. सेनापती जनरल टाउनशेंड. बाहेरून सोडवायला फौजा आल्या, त्यांची हजारो माणसं मेली आणि जायबंदी झाली, पण वेढा काही उठला नाही. आत धान्य होतं तोवर एक वेगळीच अडचण आली. गहू-जव आहे, पण ते दळणार कसं? तेव्हा विमानातून जात्याचे दगड खाली टाकण्यात आले. विचार करा, घाटावरच्या खेड्यातून गेलेला एखादा पोरगा, ज्याने विमान म्हणून जन्मात पाहिलं नव्हतं, तो आभाळातून जात्याची तळी पडताना बघतोय. त्याची आई तिकडे पहाटे ओव्या म्हणत तसल्याच जात्यावर बसलेली.

पुढे धान्यही संपत आलं. घोडी मारून मांस वाटायला सुरुवात झाली. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते कित्येक आठवडे नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप मागवले, तरी माणसं घोड्याच्या मांसाला हात लावीनात. घरी कळलं तर जातीत घेणार नाहीत ही धास्ती. जवाचं थोडं पीठ आणि नदीकाठचा रानपाला यावर काढलेले ते दिवस. शेवटी २९ एप्रिल १९१६ला टाउनशेंडने शरणागती पत्करली. सैनिक आणि नोकरचाकर मिळून सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. सेनापती साहेबांची व्यवस्था इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात झाली. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं. हिंदी कैद्यांना मोठ्या संख्येने सीरियातल्या रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या रुळांच्या कामाला जुंपलं. वाटेत कोण कुठल्या तारखेला पडला, याची नोंद ठेवायला कोणी मागे थांबलं नाही. मग घरच्यांनी तिथी कोणती धरायची? सर्वपित्री अमावस्या, दुसरं काय.

युद्ध चालू असतानाच, १९१७ साली, इंग्रजांनी थडगी आणि स्मारकं बांधायला एक आयोग नेमला होता; आज त्याला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन म्हणतात. त्याचं तत्त्व फार चांगलं होतं, ते मान्यच केलं पाहिजे. मेल्यावर साहेब आणि शिपाई सारखे. सगळ्यांना एकाच मापाचा दगड, प्रत्येकाचं नाव कोरायचं, हुद्द्यावरून भेद नाही. फ्रान्समध्ये नव्ह शापेलला हे तत्त्व पाळलेलं दिसतं. तिथल्या गोल भिंतीवर ४,७००हून अधिक हिंदी सैनिकांची नावं आहेत. पण बसऱ्याला १९२९ साली जे स्मारक उभं राहिलं तिथे काय केलं? हे स्मारक चाळीस हजारांहून अधिक माणसांचं, त्यात बहुसंख्य हिंदी: शिपाई, खेचरवाले, भिश्ती, मजूर. भिंतीवर आधी पलटणीचं नाव. खाली गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं, मग सुभेदार-जमादारांची. आणि त्याखाली एक ओळ: आणि इतर इतके हिंदी शिपाई.

हे वाचून मला राग येतो. फ्रान्समध्ये, जिथे युरोपातले लोक येऊन बघणार, तिथे नावं. इराकात, जिथे बघायला कोणी येणार नाही, तिथे आकडा. नावं सापडत नव्हती म्हणावं तर शिपायांच्या नावांच्या याद्या होत्या. आयोगाच्या छापील वह्यांत त्या गेल्यासुद्धा, पण दगडावर त्यांना जागा मिळाली नाही. पुढे १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते अख्खं स्मारक उचलून शहरापासून तीसेक किलोमीटरवर, नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेऊन मांडलं, ते वेगळंच. २०२१ साली आयोगाने स्वतःच चौकशी करून अहवाल काढला आणि माफी मागितली. किमान १,१६,००० माणसं, बहुतेक आफ्रिकेतली आणि मध्यपूर्वेतली, नावाशिवाय राहिली किंवा त्यांची मुळीच आठवण ठेवली गेली नाही; आणखी पन्नासेक हजारांना, त्यात आपले हिंदी लोक आले, इतरांच्या बरोबरीने वागवलं गेलं नाही, असं त्या अहवालात म्हटलं आहे. शंभर वर्षांनी का होईना, म्हटलं.

नाव दगडावर आलं तर काय होतं, ते बघायला लांब जायला नको. भीमा कोरेगावचा स्तंभ कंपनी सरकारने आपल्या विजयाची खूण म्हणून उभारला. पण १ जानेवारी १८१८च्या लढाईत पडलेल्यांची नावं त्यावर कोरली, आणि त्यातल्या अनेक नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ते महार शिपाई. १ जानेवारी १९२७ला डॉ. आंबेडकर तिथे गेले. आज दर वर्षी त्या दिवशी लाखो माणसं येतात, आणि ती कंपनी सरकारच्या विजयासाठी येत नाहीत. बांधणाऱ्याच्या मनात काय होतं ते मागे पडलं. नुसता आकडा कोरला असता तर हे घडलं असतं का? मला शंका आहे.

मुंबईत मशीद बंदरला सेलर्स होम आहे. आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे, की तिथे पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी नाविकांचं स्मारक आहे? बोटीच्या पोटात कोळसा टाकणारे, खलाशी, भंडारी म्हणजे बोटीवरचे स्वयंपाकी. कोकणातून आणि गोव्यातून बोटीवर जाणारे तेव्हा घरटी एक होते म्हटलं तरी चालेल. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांवर नाविकांच्या नावांची वही आहे, तिची एक प्रत मुंबईत आणि दुसरी चितगावला. लोकलने रोज मशीद स्टेशनवर उतरणाऱ्यांनी एकदा डोकवायला हरकत नाही.

आता एक काम सांगतो, विशेषतः सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या श्रोत्यांना. तुमच्या घरात जुनी पेटी असेल, देव्हाऱ्याच्या फळीवर डबा असेल, तर त्यात पणजोबांचा बिल्ला आहे का बघा. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ हे आकडे. चांदीचा आहे, म्हणून कित्येक घरांतला सोनाराकडे मोडीत गेला. तुमच्याकडे उरला असेल तर तो उभा धरा आणि कडेवर बघा. त्या बारीक कडेवर अक्षरं ठोकलेली असतात: शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण. बसऱ्याच्या भिंतीवर जे कोरलं नाही ते इथे असतं. अक्षरं इंग्रजी आहेत आणि झिजलेलीही असतील, तेव्हा भिंग घ्या, कडेवर पावडर चोळून पुसा, मग वाचता येतं. ब्रासो मात्र लावू नका, त्याने उरलंसुरलं जातं. कागदावर नंबरासकट उतरवून घ्या. घरातलं जे माणूस परत आलं नाही, त्याचं नाव आयोगाच्या यादीत इंटरनेटवर फुकट शोधता येतं. नावाचं स्पेलिंग तेव्हाच्या कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून एकाच पद्धतीने शोधून सोडून देऊ नका, तीन-चार तऱ्हांनी लिहून बघा. आणि नाव सापडलं, तर ते गावच्या ग्रामपंचायतीत नेऊन द्या. दोन आकड्यांच्या त्या पाटीखाली भिंतीला अजून जागा असते.

नमस्कार.