जेवणाच्या सुट्टीतलं वागळे इस्टेट

दुपारी एकच्या सुमाराला ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये सगळ्या गेटांतून माणसं एकदमच रस्त्यावर येतात. काचेच्या इमारतींतून गळ्यात आयकार्ड अडकवलेली, पत्र्याच्या शेडमधून कपड्यांवर ऑइलचे डाग असलेली. वडापावच्या गाडीपुढे दोघांची रांग एकच. डबा लवकर उरकला की अर्धा तास हाताशी राहतो. चला, तेवढ्यात पायीच फिरू.

1 ऑगस्ट 1962 ला एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली, आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत ती हीच. इथल्या रस्त्यांना नंबर आहेत. ‘सोळा नंबरला या’, ‘बावीस नंबरला उतरा’, एवढ्यावर पत्ता सापडतो.

आता वर बघा. करवतीच्या दात्यांसारखं हे छप्पर. प्रत्येक दात्याच्या उभ्या बाजूला काचा असतात आणि त्या शक्यतो उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे ऊन थेट मशीनवर येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा मिळतो. नुसतं छप्पर नीट रचून विजेचं बिल वाचवणारी ही माणसं होती! खाली दारात एकजण हात धुतोय. आधी लाकडाचा भुसा चोळायचा, मग साबणाची पावडर. नुसत्या साबणाला ग्रीस दाद देत नाही. लोखंड कातायचं लेथ थांबलंय, खाली लोखंडाचा कीस पडलाय. इथे अजूनही वस्तू घडतात, याचं मला फार अप्रूप आहे.

शेजारच्याच प्लॉटवर आयटी पार्क. एमआयडीसीचे प्लॉट साधारणपणे 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात. वापर बदलायचा किंवा प्लॉट दुसऱ्याच्या नावावर करायचा, तर महामंडळाची परवानगी लागते. मोठे कारखाने एकेक करून बंद पडले. पुढे राज्याच्या आयटी धोरणाने अशा इमारतींना जादा चटईक्षेत्र, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची मुभा, दिलं आणि बैठ्या शेडच्या जागी टोलेजंग इमारत परवडू लागली.

पुढे कामगार हॉस्पिटल. कारखान्यातल्या माणसांसाठी उभं राहिलेलं हे राज्य कामगार विमा योजनेचं (ईएसआय) रुग्णालय. महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेला कामगार या योजनेत येतो. त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणजे आयटी पार्कच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला आणि आत लादी पुसणारी मावशी यांचाही आधार हाच. कारखाना गेला तरी हॉस्पिटलची गरज गेलेली नाही.

वाटेत रायलादेवी तलाव लागतो. काठावर पाच मिनिटं टेकायला हरकत नाही.

आणि हे किसननगर. चिंचोळ्या गल्ल्या, एकमेकींना खेटून उभ्या इमारती, त्यातल्या कित्येक धोकादायक. कारखान्यांत राबलेल्या अनेक कुटुंबांचा संसार इथेच झाला. जुन्या इमारतींचा एकगठ्ठा पुनर्विकास करणाऱ्या ठाण्यातल्या क्लस्टर योजनेची सुरुवात याच वस्तीपासून झाली आणि बांधकाम सिडको या सरकारी महामंडळाकडे आहे. काचेच्या इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या. या घरांना मात्र फार थांबावं लागलं, हे मला मनापासून खटकतं. खिडकीखाली शिवणयंत्र चालतंय, शेजारी पापड वाळतायत, कोपऱ्यावर वेल्डिंगचं दुकान. नव्या इमारतींत तळमजल्याला या धंद्यांसाठीही गाळे हवेत, आणि घरं इथल्या इथेच मिळायला हवीत. लेथवाला आणि सिक्युरिटीवाला आज चालत कामावर पोचतात. त्यांना उद्या शहराबाहेर घर दिलं, तर पगाराचा मोठा हिस्सा आणि दिवसाचे दोन-तीन तास प्रवासातच जातील.