होडीची बॅटरी बदलताना: १०० अँपिअर-अवर, पण किती तासांत?

नमस्कार, प्रेक्षकहो. हतनूर धरणाच्या फुगवट्यातील माझ्या १२ फुटी फायबरच्या होडीचा व्हिडिओ आपण पाहिलात, आणि तेव्हापासून एकच प्रश्न मला वारंवार विचारला जात आहे: होडीची जुनी बॅटरी बसली आहे, तर तिच्या जागी कोणती घ्यावी? भुसावळ, शिरपूर, शहादा, नवापूर अशा अनेक ठिकाणांहून हा प्रश्न आला. प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहिण्यापेक्षा आज कॅमेऱ्यासमोर बसून सविस्तर बोलतो.

सोप्या गोष्टी आधी लवकर सांगून टाकतो. होडीची विजेवर चालणारी मोटर १२ व्होल्टची असेल तर बॅटरी १२ व्होल्टची हवी. मोटर २४ व्होल्टची असेल तर एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडाव्यात. एक जुनी आणि एक नवी अशी जोडी लावू नये. होडीतील खोक्याचे माप घेऊनच दुकानात जावे आणि अधिक-उणे टर्मिनल कोणत्या बाजूला आहेत ते पाहावे, म्हणजे केबल अपुरी पडत नाही.

दुसरी गोष्ट कामाची. पेट्रोल इंजिनाला सेल्फ मारण्यासाठी जी बॅटरी असते तिच्या प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त असतात, कारण तिला काही सेकंद मोठा प्रवाह देऊन थांबायचे असते. विजेच्या मोटरवर तासन् तास होडी चालवायची असेल तर जाड प्लेटांची, खोलवर रिकामी होणे सोसणारी, म्हणजे डीप सायकल बॅटरी लागते. चारचाकीची बॅटरी मोटरला जोडली तर ती पहिल्या दिवशी चालते, पण काही फेऱ्यांतच तिच्या प्लेटा खराब होतात. इंजिनवाल्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की लेबलावरील सीसीए, म्हणजे इंजिन सुरू करताना थंडीत मिळणारा प्रवाह, हा आकडा उणे १८ अंश सेल्सिअसला मोजलेला असतो आणि एमसीए, म्हणजे होड्यांसाठीचा तसाच आकडा, शून्य अंशाला. एकाच बॅटरीचा एमसीए सीसीएपेक्षा मोठा दिसतो, म्हणून एका बॅटरीचा सीसीए आणि दुसरीचा एमसीए यांची तुलना करू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, आणि तो मी आज एकापेक्षा अधिक वेळा सांगणार आहे, कारण याच ठिकाणी लोकांचे पैसे वाया जातात. (लेबल कॅमेऱ्यासमोर धरतो.) येथे १०० अँपिअर-अवर (बॅटरीची क्षमता, म्हणजे प्रवाहाचे अँपिअर गुणिले तास) असे मोठ्या अक्षरांत छापले आहे, आणि त्याच्या शेजारी अगदी बारीक अक्षरांत सी-२० असे लिहिले आहे. दुकानात आपण मोठा आकडा वाचतो आणि बारीक अक्षरे सोडून देतो. सी-२० याचा अर्थ असा की ही बॅटरी २० तासांत हळूहळू रिकामी केली, म्हणजे तिच्यातून सतत ५ अँपिअर प्रवाह घेतला, तरच ती १०० अँपिअर-अवर देईल. आपली मोटर ५ अँपिअरवर चालत नाही. माझी मोटर पूर्ण वेगात ४० अँपिअर घेते. हे मी क्लॅम्प मीटर लावून मोजले आहे, आणि आपणही आपल्या मोटरचा आकडा असाच मोजून घ्यावा.

साधा भागाकार केला तर १०० भागिले ४० म्हणजे अडीच तास असे उत्तर येते, आणि प्रत्यक्षात ते खरे ठरत नाही. प्रवाह वाढला की शिशाच्या बॅटरीची उपयोगी क्षमता घटते, हा नियम पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली मांडला. त्याच्या सूत्रातील घातांक, म्हणजे ही घट किती तीव्र आहे ते सांगणारा आकडा, शिशाच्या बॅटरीसाठी साधारण १.१ ते १.३ असतो. माझ्या पाण्याच्या, म्हणजे वेळोवेळी पाणी घालावे लागणाऱ्या शिशाच्या बॅटरीसाठी तो १.२५ धरला, तर ४० अँपिअरवर ती सुमारे दीड तास चालते, म्हणजे १०० पैकी ६० अँपिअर-अवरच पदरात पडतात. शिशाची बॅटरी टिकवायची असेल तर निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, हे धरले की हातात पाऊण तास उरतो. अडीच तासांच्या भरवशावर निघालेल्या माणसाला पाऊण तास मिळणे ही पाण्यावर लहान बाब नाही.

हे मी स्वतः अनुभवले आहे. एका फेब्रुवारीत चांगदेवजवळ, जेथे तापी आणि पूर्णा यांचा संगम आहे, तेथे पक्षी पाहण्यासाठी सकाळी होडी पाण्यात घातली. जाताना वारा पाठीशी होता. परतताना तोच वारा समोरून आला, मी मोटर पूर्ण वेगावर ठेवली, आणि काठ दिसत असतानाच ती मंदावू लागली. मीटर ११ व्होल्टच्या खाली गेला. शेवटी वल्ही हातात घ्यावी लागली. बरोबर माझा पुतण्या होता. दोघांच्या अंगात लाईफ जॅकेट होते म्हणून मन स्थिर राहिले. काठावर जाळी वाळत घालणारे एक मासेमार काका म्हणाले, "भाऊ, एवढी मोठी बॅटरी आणली, आणि आलास वल्ह्यांवर?" घरी येऊन तासाभराने मीटर लावला, तर तीच बॅटरी १२ व्होल्टच्या वर दाखवत होती. दुकानदारानेही मीटर लावून बॅटरी चांगली असल्याचे सांगितले. ती बिघडलेली नव्हतीच. मी तिच्याकडून जे मागत होतो ते तिच्या लेबलावर कधीच लिहिलेले नव्हते.

विश्रांतीनंतर व्होल्टेज परत का चढते, हे रावेर-यावलच्या केळी उत्पादकांना मला समजावून सांगावे लागणार नाही. एखाद्या विहिरीवर ३ अश्वशक्तीची मोटर दिवसभर चालते. त्याच विहिरीवर १० अश्वशक्तीची बसवली तर ती अर्ध्या तासात हवा ओढू लागते, आणि थोडा वेळ थांबले की झऱ्यांनी पुन्हा पाणी चढते. पाणी भोवतालच्या खडकात होतेच, परंतु उपशाच्या वेगाने ते विहिरीत येऊ शकत नव्हते. बॅटरीतही हेच घडते. प्लेटांच्या सूक्ष्म छिद्रांतील आम्ल वेगाने वापरले जाते आणि बाहेरचे आम्ल तेवढ्या वेगाने आत झिरपू शकत नाही. म्हणून विहिरीची खोली विचारताना जसे तिचे झरे विचारतात, तसे अँपिअर-अवर विचारताना तास विचारलेच पाहिजेत.

हाच मुद्दा आता दुकानाच्या बाजूने पाहू. समोर दोन बॅटऱ्या ठेवलेल्या आहेत. एकीवर सी-२० ला १०० लिहिले आहे आणि दुसरीवर सी-५ ला ९० लिहिले आहे. बहुतेक ग्राहक पहिली उचलतात. होडीसाठी दुसरी अधिक चांगली आहे, कारण ती ५ तासांत, म्हणजे १८ अँपिअरने रिकामी करून मोजलेली आहे. काही बॅटऱ्यांवर रिझर्व्ह कपॅसिटी मिनिटांत दिलेली असते. २५ अँपिअरचा भार किती मिनिटे सोसेल, ते हा आकडा सांगतो. १८० मिनिटे लिहिली असतील तर २५ अँपिअरवर ३ तास, म्हणजे ७५ अँपिअर-अवर. मोटरवाल्यांसाठी हा आकडा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. दुकानदाराला यापैकी कोणताही आकडा सांगता येत नसेल, तर दुसरे दुकान पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेग कमी केल्याचा लाभही याच हिशेबातून दिसतो. १५ अँपिअरवर माझी तीच बॅटरी सुमारे ५ तास चालते, आणि निम्मीच वापरायची म्हटले तरी अडीच तास मिळतात.

शिरपूरच्या एका दादांनी विचारले आहे की घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी होडीत ठेवली तर काय हरकत आहे. दादा, विजेच्या दृष्टीने ती खोलवर रिकामी होणे सोसते, हे खरे आहे; परंतु तिचे वजन ५० किलोच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते, ती उंच असते, आणि होडी कलली की झाकणांतून आम्ल बाहेर येते. लहान होडीत एवढे वजन उंचावर ठेवणे धोक्याचे आहे. त्यापेक्षा जळगाव-भुसावळमध्ये सहज मिळणारी ई-रिक्षाची बॅटरी अधिक सोयीची. ती रोज खोलवर रिकामी होण्यासाठीच बनवलेली असते. तिच्या लेबलावरही तास पाहूनच ती घ्यावी.

शहाद्याच्या एका ताईंनी लिथियमबद्दल विचारले आहे. घ्यायचीच असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची घ्यावी. १०० अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी ३० किलोच्या आसपास भरते, तर ही साधारण १२ किलोची असते. आणि वर सांगितलेली घट तिच्यात फारच कमी असल्याने ४० अँपिअरवरही जवळजवळ छापील क्षमता मिळते. मात्र तिच्यातील बीएमएस, म्हणजे बॅटरीचे रक्षण करणारे आतले इलेक्ट्रॉनिक सर्किट, सतत किती अँपिअर सोसतो, हे मोटरच्या कमाल प्रवाहाशी ताडून पाहावे, आणि चार्जर तिच्यासाठीचाच घ्यावा. आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. शिशाची बॅटरी संपत येताना मोटर मंदावून सूचना देते. लिथियमची बॅटरी शेवटपर्यंत जोरात चालते आणि बीएमएसने तोडताच एकदम थांबते. वल्ही दोन्ही प्रकारांत बरोबर असावीतच.

आपल्याकडील उन्हाचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, आणि सततच्या उष्णतेत शिशाच्या बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. २५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंशांना ते साधारण निम्मे होते. म्हणून उन्हाळ्यात ती होडीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये न ठेवता घरात, हवेशीर सावलीत ठेवावी. पाण्यावरून आल्यावर त्याच संध्याकाळी चार्जिंगला लावावी, कारण रिकाम्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट कडक होऊन बसते. चार्जिंगच्या जागी हवा खेळती हवी. हायड्रोजन निघतो आणि हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो. पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. आरओचे पाणी चालत नाही. होडीत बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधावी आणि अधिक टर्मिनलच्या अगदी जवळ योग्य फ्यूज बसवावा.

नवी घेताना उत्पादनाची तारीख पाहावी आणि जुनी बॅटरी त्याच दुकानात जमा करून पावती घ्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरून संपलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून ती गोळा करणाऱ्या किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्या यंत्रणेकडे देणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे. वजनावर थोडे अधिक पैसे मिळतात म्हणून ती फिरत्या भंगारवाल्याला देऊ नये. आतले आम्ल बहुधा जवळच्या नाल्यात ओतले जाते, आणि आपल्याकडचे नाले शेवटी तापीलाच मिळतात.