शेजारची स्वेता

नमस्कार मंडळी.

गेल्या वर्षी आमच्या नातीचं बारसं इथे जर्मनीत, घरच्या घरी केलं. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झालं, आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, पाठीत धपाटे खाल्ले आणि मोठ्याने म्हणाली, “श्वेता!” पाळण्याशी आमची रशियन शेजारीण उभी होती. ती चमकलीच. “अगं, हे तर माझं नाव!” ती स्वेतलाना, घरची माणसं तिला स्वेता म्हणतात.

तिला काही भास झाला नव्हता. रशियन ‘स्वेत’ आणि आपला संस्कृतातून आलेला ‘श्वेत’ एकाच प्राचीन मुळातून फुटलेले शब्द आहेत. आपल्याकडे तो पांढऱ्या रंगाकडे गेला, तिकडे उजेडाकडे. रशियनमध्ये ‘स्वेत’चा आणखी एक अर्थ आहे, जग. आपले ‘आलोक’ आणि ‘लोक’ शेजारी ठेवून पाहा, उजेड आणि जग यांची तीच जोडी दिसेल. मला तर हे कळल्यावर रात्रभर झोप नव्हती.

इतका जुना शब्द, म्हणजे नावही तितकंच जुनं असणार, असं मी धरून चालले होते. ल्युदमिला हे नाव तसं आहे. त्या नावाची बोहेमियाची, म्हणजे आजच्या चेक प्रदेशातली, संत ९२१ साली मारली गेली. स्वेतलाना मात्र जेमतेम सव्वादोनशे वर्षांची. १८०२ साली आलेक्सांद्र वोस्तोकोव या कवीने जुन्या काळात घडणारी एक पद्यकथा रचली, तिच्या नायिकेसाठी ‘स्वेतली’, म्हणजे उजळ, या शब्दावरून हे नाव घडवलं. हा माणूस जन्माने जर्मनभाषक घरातला, आजच्या एस्टोनियातल्या बेटावरचा. मूळ आडनाव ओस्टेनेक. त्यातल्या ‘ओस्ट’चं, म्हणजे पूर्वेचं, त्याने रशियन ‘वोस्तोक’ केलं. आधी स्वतःचं नाव बदललं आणि मग एका भाषेला नवं नाव दिलं.

ते घराघरांत पोचवलं वासिली झुकोव्स्कीने. त्याचं ‘स्वेतलाना’ हे कथाकाव्य १८१३ साली छापलं गेलं. सुरुवात होते थंडीतल्या एका सणाच्या संध्याकाळी. मुली नशीब पाहायला पायातला जोडा काढून फाटकाबाहेर फेकतात. स्वेतलानाचा प्रियकर वर्षभर परगावी, त्याची काही खबर नाही. ती मेणबत्ती लावून आरशासमोर बसते, तिला डोळा लागतो आणि स्वप्नात तो मेलेला दिसतो. जाग येते तेव्हा सकाळ झालेली असते आणि तो जिवंत, दारात उभा. झुकोव्स्कीने हे काव्य आपल्या भाचीला लग्नाची भेट म्हणून दिलं आणि पुढे तिलाच लोक स्वेतलाना म्हणू लागले. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहून घेतलेल्या माझ्या पिढीच्या बायकांना यात नवल वाटणार नाही.

तरी शंभरेक वर्षं हे नाव मुलीला अधिकृतपणे ठेवता येत नव्हतं. बाप्तिस्म्याला चर्चच्या पंचांगातल्या संतांचंच नाव लागे, आणि स्वेतलाना नावाची संत कुठून असणार? युद्धनौकेला ते नाव मिळालं, मुलीला मात्र लाडात हाक मारण्यापुरतं. १९१७च्या क्रांतीनंतर जन्माची नोंद सरकारी दप्तरात होऊ लागली आणि ही अडचण सुटली. १९२६ साली स्टालिनला मुलगी झाली, तिचंही नाव हेच. ती पुढे उत्तर प्रदेशातल्या कालाकांकरच्या राजघराण्यातल्या ब्रजेश सिंहांची सहचारिणी झाली. १९६६ साली ते मॉस्कोत वारले, तेव्हा त्यांच्या अस्थी घेऊन ती तिथे, गंगेकाठी आली. १९६७च्या मार्चमध्ये दिल्लीतल्या अमेरिकन वकिलातीत शिरली ती मायदेशी परतायचं नाही असं ठरवूनच. अमेरिकेत लग्नानंतर ती लाना पीटर्स झाली. बापाचं आडनाव तिने आधीच टाकलं होतं, आता नावातला उजेडही गेला आणि उरलं ते शेपूट. मला ते वाचून फार वाईट वाटलं.

त्याच नावाची स्वेतलाना सावित्स्काया १९८४ साली अंतराळात यानाबाहेर पडणारी पहिली स्त्री ठरली. २०१५चं साहित्याचं नोबेल बेलारूसच्या स्वेतलाना आलेक्सियेविचला मिळालं.

चर्चनेही वाट काढलीच. ग्रीकमध्ये ‘फोस’ म्हणजे प्रकाश. त्यावरून आलेल्या फोतिना या संतनावाने स्वेतलानांचा बाप्तिस्मा होतो. विहिरीवर येशूला भेटलेली शमरोनी स्त्री ती हीच, अशी श्रद्धा आहे. आमच्या शेजारणीचंही तसंच: पासपोर्टात स्वेतलाना, चर्चमध्ये फोतिना. आपल्याकडे पत्रिकेतलं नाव वेगळं असतं हे मी तिला सांगितलं, तेव्हा तिने लगेच विचारलं, “मग या श्वेताचं कुठलं?”

फोतिनाचा दिवस २ एप्रिलला येतो. यंदा त्या दिवशी आमच्या श्वेताला कडेवर घेऊन, पुरणपोळ्यांचा डबा घेऊन मी समोरच्या घरी गेले होते.