चोथ्यातून उतरलेली ग्राप्पा

द्राक्षं चेपून वाइन काढून घेतली की खाली काय उरतं? चोथा. साली, बिया, थोडेफार देठ. इटलीत त्याला विनाच्चा म्हणतात आणि ग्राप्पा ही दारू बनते ती फक्त त्याच्यापासून.

उत्तर इटलीत, म्हणजे व्हेनेतो, फ्रिउली, पिएमोंते या भागांत, जमीन बहुतेकदा मालकाची आणि राबणारा शेतकरी वाटेकरी. चांगल्या वाइनचा मोठा हिस्सा मालकाच्या घरी जायचा. कष्टकऱ्याच्या हाती राहायचा हा चोथा. थंडी कडाक्याची, पोटाला जेमतेम. त्याने तोच भट्टीवर चढवला.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही बरं का. चोथा कोरडसर असतो, थेट आचेवर ठेवला तर तळाला लागतो आणि दारूला करपट वास येतो. म्हणून बऱ्याच भट्ट्यांमध्ये त्यातून वाफ सोडतात. चोथा ताजाच लागतो, दिवस उलटले की बुरशी धरते, आंबूस होतो. आणि आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणून जिचं कौतुक होतं, ती धार इथे चक्क बाजूला काढतात, कारण उग्र, घातक द्रव्यं तिच्यातच आधी उतरतात. शेवटची धारही नको. मधली तेवढी ठेवायची. ही मधली धार नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे ओळखण्यातच भट्टीवाल्याचं सगळं कसब.

बास्सानो गावात, ब्रेंता नदीवरच्या लाकडी पुलाच्या तोंडाशी, नार्दिनी घराण्याने १७७९ मध्ये दुकान थाटलं. ते आजही आहे. तरीही प्रतिष्ठित घरांत ग्राप्पा कित्येक वर्षं गावंढळच मानली जायची. व्हेनेतोत कॉफी संपली की कपाच्या तळाशी राहिलेल्या साखरेवर थोडी ग्राप्पा ओततात, कप फिरवतात आणि पिऊन टाकतात. याला रेझेंतिन म्हणतात. मला ही रीत फार आवडते.

चित्र पालटलं १९७३ मध्ये. फ्रिउलीतल्या पेर्कोतो गावच्या जान्नोला आणि बेनितो नोनिनो या जोडप्याने एकाच जातीच्या, पिकोलित द्राक्षाच्या चोथ्याची ग्राप्पा काढली. पिकोलितच्या घडाला मणी मोजकेच धरतात. तोवर सगळ्या जातींचा चोथा एकत्रच टाकायची पद्धत होती. तो वेगळा ठेवायला मळेवाले तयार होईनात, तेव्हा जान्नोला त्यांच्या बायकांकडे गेल्या आणि चोख पैसे मोजून त्यांच्याकडून तो निवडून घेतला. मग ती ग्राप्पा सुबक काचेच्या बाटलीत भरली.

आज युरोपीय कायद्याने ‘ग्राप्पा’ हे नाव फक्त इटलीत बनलेल्या दारूलाच लावता येतं, आणि तिच्यात मद्यार्क किमान ३७.५ टक्के लागतो.