बाळंतिणीची विहीर आणि हातातला कप

नमस्कार मंडळी. आज भुतांबद्दल बोलायचंय, पण तुम्हाला घाबरवायला नाही.

मागच्या वर्षी लेकीकडे अमेरिकेला गेलो होतो तेव्हा तिनं आम्हाला न्यू ऑर्लिन्सला नेलं. तिथं फ्रेंच क्वार्टर म्हणून जुना भाग आहे, लोखंडी जाळीच्या गॅलऱ्या असलेली घरं, आणि संध्याकाळी तिथून भुताच्या गोष्टींची टूर निघते. गाइड एका घरापुढं थांबून गोष्ट सांगतो, मग एखाद्या बारमध्ये थांबा, मग पुढचं घर. त्या गावात रस्त्यावर दारू पिता येते, फक्त काचेचा ग्लास चालत नाही, म्हणून सगळे प्लॅस्टिकचे कप घेऊन चाललेले. पहिला तासभर मला लई मजा आली, खोटं कशाला बोलू.

मग आलो रॉयल स्ट्रीटवरच्या लालोरी वाड्यापाशी. १८३४ च्या एप्रिलमध्ये तिथं आग लागली, लोक विझवायला आत शिरले, तर वर साखळदंडानं बांधलेले, हाल हाल केलेले गुलाम सापडले. मालकीण पळून गेली ती थेट फ्रान्सला. गाइडनं हे चांगलं रंगवून सांगितलं, कुणीतरी किंचाळल्यासारखं केलं, सगळे हसले, कप वर झाले. माझा कप तसाच हातात राहिला. कारण ही भुताची गोष्ट नव्हतीच हो, ती माणसांची गोष्ट होती, आणि मालकिणीचं नाव सगळ्यांना पाठ, बांधलेल्यांपैकी एकाचंही नाव त्या रात्री कुणी घेतलं नाही.

आणि तिथं मला आपल्या सोलापूरचा भुईकोट किल्ला आठवला.

किल्ल्यातली बाळंतिणीची विहीर तुम्हाला माहीतच असेल. सांगतात की किल्ला बांधताना एक बुरूज सारखा ढासळायचा, काही केल्या उभा राहीना, शेवटी एका बाळंतिणीचा बळी दिला. खरं-खोटं कोण ठरवणार, बहामनी काळातला किल्ला तो. पण माझी आजी ही गोष्ट सांगताना कधी भूत म्हणायची नाही, ‘ती बाई’ म्हणायची, आणि आवाज खाली आणायची. तिन्हीसांजेला खंदकाकडनं येताना ती उगाच बोलायची नाही, आम्हालाही गप्प करायची, आम्हाला वाटायचं घाबरते, आता कळतं की मान राखायची.

म्हणून मला वाटतं असा फेरफटका सोलापुरात नक्की व्हावा. किल्ला संध्याकाळी बंद होतो, तर बाहेरनं तटाच्या कडेनं, मग सिद्धेश्वर तलाव, मग गिरण्यांकडं. जुनी गिरणी १८७७ ची, तिच्या भोंग्यावर या गावानं पिढ्यान्‌पिढ्या घड्याळं लावली, त्या पाळ्यांच्या गोष्टी म्हाताऱ्या माणसांकडं अजून आहेत. आणि पूर्व भागात तेलुगूतून, कुठं कन्नडमधून, कुठं उर्दूतून, ज्याच्या घरात जशी सांगितली तशीच सांगावी, मराठी करायची घाई नको.

एक मात्र, चार हुतात्मा चौकात आल्यावर भुताचा विषय बंद. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, या स्वातंत्र्यसैनिकांना इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं, तिथं फक्त चार नावं घ्यायची आणि पुढं चालायचं.

आणि परमिट रूमचा थांबा? पिणाऱ्यावर माझा राग नाही, पण गोष्टीच्या मध्ये नको, ऐकणारा सैल झाला की त्याला फक्त किंचाळी हवी असते. सगळं झाल्यावर पार्क चौपाटीवर चहा घ्या, तिथं बसून बोला, खरं तर तेव्हाच लोक आपापल्या घरातलं सांगायला लागतात.

एवढ्यात मी आणि दोन मित्र या गोष्टी वहीत उतरवतोय. त्या बाळंतिणीचं नाव तुमच्या घरात कुणी कधी घेतलं असेल, आजीनं, पणजीनं, कुठल्याही भाषेत, तर आकाशवाणीच्या पत्त्यावर एक पत्र टाका. वहीत तिच्यासाठी पहिली ओळ रिकामी ठेवलीय.