वरणाचं पाणी

मंडळी, आधी एक प्रश्न. घरात कोणाला कावीळ झाली की पहिलं काय बंद होतं? बरोबर, तेल-तूप. मग अंडं, मग डाळ. उसाचा रस आणि मऊ भात सुरू. गावाकडे कावीळ उतरवणारा कोणी असला तर त्याच्याकडेही एक खेप होते.

स्वादुपिंडाच्या डोक्यातल्या, म्हणजे त्याच्या रुंद टोकातल्या गाठीनं पित्तनलिका दाबली तरी डोळे असेच पिवळे होतात. म्हणून तेच पथ्य तिथेही चालू राहतं. माणूस माझ्यासमोर येतो तेव्हा महिना-दीड महिना गेलेला असतो आणि कमरेच्या पट्ट्याला घरीच खिळ्यानं दोन नवी भोकं पाडलेली असतात. मी आहारतज्ज्ञ. रिपोर्ट उघडायच्या आधी मी पट्टा बघते.

त्या दुखण्यात भूक तशीही मेलेली असते. पित्त आतड्यात उतरत नाही, स्वादुपिंडाचा रसही कमी पडतो. खाल्लेलं तूप-तेल तसंच बाहेर पडतं. शौचाला फिकट, चिकट, पाण्यावर तरंगणारं होतं. हे कोणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये ही गाठ काढायच्या ज्या ऑपरेशनची माहिती प्रसिद्ध केली, ते आजही त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. सुरुवातीला ते दोन टप्प्यांत व्हायचं. आधी पित्ताला वाट करून द्यायची, पेशंट सावरला की मग गाठ काढायची. कावीळ असलेल्याचं रक्त थांबायचं नाही. पित्ताशिवाय के जीवनसत्त्व शोषलं जात नाही, आणि त्याशिवाय रक्त गोठत नाही. हे जीवनसत्त्व हाती आलं आणि १९४० च्या सुमारास सगळं एकाच बैठकीत करणं जमू लागलं.

१९३६ मध्ये क्लीव्हलँडचे सर्जन हायरम स्टडली यांनी पोटातल्या अल्सरच्या पेशंटांचा हिशेब मांडला. ऑपरेशनआधी ज्यांचं वजन २० टक्क्यांहून जास्त उतरलं होतं, त्यांच्यातले ३३ टक्के दगावले. बाकीच्यांत हे प्रमाण साडेतीन टक्के. आजार वेगळा होता, पण वजनकाटा आपलाच.

व्हिपलमध्ये काढून टाकायचं असतंच, पण खरी परीक्षा जोडण्याची. स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर, तिघांना आतड्याशी नव्यानं जोडायचं. स्वादुपिंडाचा जोड सगळ्यांत नाजूक. बऱ्याचदा ते इतकं मऊ असतं की टाका धरत नाही. त्यातून पाझरतो तो रस प्रथिनं पचवणारा. गळला तर आजूबाजूचंच पचवायला लागतो. जखम भरायला प्रथिनं हवीत. ताटातून मिळाली नाहीत तर शरीर ती स्नायूंमधून उपसतं. मग खोकायला जोर नाही, कफ साठतो, न्यूमोनिया होतो. अंगानं भरलेला माणूसही आतून असा पोकळ असू शकतो, बरं का. आणि गाठ कॅन्सरची असेल तर अशक्तपणामुळे पुढची केमो लांबते, तो तोटा वेगळाच.

म्हणून सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वजन उतरलं असेल तर ऑपरेशन ७ ते १४ दिवस पुढे ढकलून आधी पोषण द्यावं, असं युरोपातल्या तज्ज्ञांच्या शिफारशी सांगतात, कॅन्सर असला तरीही. हे सांगितलं की नातेवाईक चिडतात. “आत गाठ वाढतेय आणि तुम्ही खायला घाला म्हणता?” हो, म्हणते. पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात जेमतेम ६. आणि आपण काय देतो? वरणाचं पाणी! डाळ तळाशी बसते, ती घरचे खातात. वरचं पिवळं पाणी पेशंटच्या वाटीत. उलटं करा. शाकाहारी असाल तर पनीर, दही, दाण्याचं कूट आहे. साखर वाढलेली असेल तर उसाचा रस थांबवा.

आता कॅप्सूल. ऑपरेशननंतर अनेकांना पाचक एन्झाइम्स बाहेरून घ्यावी लागतात. ती डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेली असतात. हे कळल्यावर काही जण कोणाला न सांगता बंद करतात आणि पुन्हा वजन उतरू लागतं. एका काकूंनी मात्र सरळ विचारलं. जैन घर, आयुष्यात अंडं शिवलेलं नाही. दोन दिवस त्यांनी विचार केला. तिसऱ्या दिवशी फोन आला, “घ्यायचं ठरवलंय. जेवणाआधी घेऊ की नंतर?”

“जेवताना,” मी म्हटलं. “पहिल्या घासाबरोबर.”