दोघांना एकच पावती

नमस्कार श्रोतेहो. नाशिकच्या मुंबई नाक्याजवळ, उड्डाणपुलाला लागूनच माझं घर. रात्री साडेबारानंतर पुलावरून काय जातंय, ते खिडकी न उघडताही कळतं. ट्रक घरघरत जातो, एसटी धडधडत. मधूनच एक किंचाळी उठते आणि कोण ते बघायला उठावं, तोवर ती द्वारका ओलांडून आडगावकडे गेलेली असते.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ वेगमर्यादेबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला दंड एक ते दोन हजार, जड वाहनाला दोन ते चार हजार रुपये. दंड ठरवताना गाडी केवढी, एवढंच हे कलम विचारतं. मर्यादा कितीने ओलांडली, याची चौकशीच नाही! साठच्या पाटीपुढून सत्तरने गेलेले काका आणि दीडशेने गेलेला पोरगा, दोघे एकाच रांगेत.

आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबायला अंतर चौपट लागतं. १२० च्या वेगात सेकंदाला ३३ मीटर. समोर रस्ता ओलांडणारी बाई दिसून पाय ब्रेककडे वळेपर्यंतच एवढं अंतर संपलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, कलम १८४ आहे की. आहे ना. धोकादायक रीतीने गाडी चालवली तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. माझं भांडण त्या पहिल्या 'किंवा'शी आहे. महागडी गाडी त्यातून आरामात निघून जाते.

स्वित्झर्लंडने २०१३ मध्ये आकडेच लिहून टाकले: ५० ची मर्यादा असताना १०० किंवा त्याहून जास्त वेगाने गेलात, तर किमान एक वर्ष कैद. पुढे हे फार कडक वाटलं आणि २०२३ पासून न्यायाधीशांना थोडी मोकळीक मिळाली. पण किती जादा वेग म्हणजे गुन्हा, तो आकडा कायम राहिला.

आपल्याकडेही तसंच व्हावं. दहा-पंधराने चुकलेल्याला आजचाच दंड पुरे. पन्नासने मर्यादा ओलांडणाऱ्याचं लायसन्स मात्र पहिल्याच वेळी वर्षभर जमा व्हावं, आणि पुन्हा सापडला तर दंड भरून सुटायची वाट बंद. कॅमेरा वेगाचा आकडा टिपतोच, मग शिक्षाही त्याच आकड्यावर ठरू दे. नमस्कार.